ढगाचा शेंडा आणि बुंधा

"साहेब, तुमच्या सॅटेलाइटमधून म्हैस दिसते का?"

हा प्रश्न मला नोकरीत तीनदा विचारला गेला आणि तिन्ही वेळा विचारणारा गंभीर होता. त्यातला एक तर आमच्याच वाशीम जिल्ह्यातला, जऊळक्याजवळचा. मी मूळचा जऊळक्याचा हे त्याला कुठून तरी कळलं होतं, म्हणून त्यानं हक्कानं फोन केला होता. त्याची म्हैस दोन दिवसांपासून बेपत्ता होती. मी त्याला समजावलं, की बाबा, आमचा उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर उंचावर आहे, आणि ज्या डोळ्यानं आम्ही ढग पाहतो त्याला चार किलोमीटरपेक्षा लहान काही ओळखू येत नाही. तुझी म्हैस चार किलोमीटर लांब असती तर दिसली असती. तो म्हणाला, "मंग कायले ठेवलं थे येवढ्या वर?"

वाशीमच्या एका वकिलांना दाखला हवा होता, की अमुक दिवशी दुपारी चार वाजता अमुक रस्त्यावर पाऊस पडत होता. अपघाताची केस होती. मी म्हटलं, पावसाचा दाखला मी देऊ शकत नाही. त्या रस्त्यावर त्या वेळी जो ढग होता त्याचं डोकं किती थंड होतं तेवढं सांगू शकतो. "अहो, डोकं घेऊन काय करू?" वकीलसाहेब वैतागले. "कोर्टाला पाऊस पाहिजे." आमच्या धंद्याचं सगळं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं होतं. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि मलाही त्या दिवशी नुसतं हसूच आलं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला असल्याच गमती लिहायला सांगितल्या होत्या. आणखी बऱ्याच आहेत. पण या वर्षी माझ्या बाबतीत जे घडलं त्यानंतर नुसत्या गमती लिहिल्या तर स्वतःचीच लाज वाटेल. म्हणून ते लिहितो. त्याआधी थोडं आमच्या कामाबद्दल सांगावं लागेल. कंटाळू नका, बाराखडीएवढंच आहे.

उपग्रहाला पाऊस दिसत नाही. त्याला ढगाचं डोकं दिसतं. तेसुद्धा डोळ्यानं नव्हे, उष्णतेनं. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड, आणि जितका थंड तितका आमच्या चित्रात पांढरा. मी ज्या खोलीत नोकरी काढली तिथे उकळणाऱ्या ढगांचा अभ्यास चाले. शास्त्रात त्याला अभिसरण वगैरे म्हणतात. आम्ही आपसात 'उकळी' म्हणायचो. फाल्गुन-चैत्रापासून वऱ्हाडातली काळी जमीन तापते. तिच्यावरची हवा हलकी होते आणि दुपारी पातेल्यातल्या दुधासारखी वर येते. वर जाता जाता गार होते, तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, पाण्याचं बर्फ होतं, आणि ढग चढतच जातो. शेवटी एका न दिसणाऱ्या छताला तो टेकतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. उकळी फारच जोराची असेल तर ऐरणीच्या वरही तो थोडा घुसतो. चित्रात तिथे भोवतालपेक्षा थंड असा एक बारका फुगवटा दिसतो. त्याला आम्ही 'टेंगूळ' म्हणायचो. टेंगूळ दिसलं, की त्याच्या पोटाखाली वीज, गारा, वावटळ, काहीही असू शकतं असं समजायचं.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच वैशाखात मी असं एक टेंगूळ पाहिलं. पडद्यावर आकडा होता उणे अठ्ठ्याहत्तर अंश. खाली नकाशावर गाव कोणतं आहे ते पाहिलं, तर जऊळका. मी तडक घरी फोन लावला. आई म्हणाली, "आभाळ भरून आलं बाबू, पन गरमीनं जीव चालला. पदराचा पिळा केला तर पानी निंघन." तिच्या अंगणात त्या वेळी बेचाळीस अंश होते. त्या ढगाचा माथा पंधरा किलोमीटरवर होता, म्हणजे सायकलवरचा तासाभराचा रस्ता. तेवढाच रस्ता उभा केला तर माझ्या आईच्या डोक्यावर एकशेवीस अंशांनी थंड असं काहीतरी लटकत होतं आणि ती खाली घाम पुसत होती. फोन ठेवल्यावरही मी तो आकडा पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. तो दिवस मी कधी विसरलो नाही.

पुढे श्रावणात उलटं झालं. पावसाळ्यातले ढग बुटके असतात, त्यांची डोकी काही फार थंड नसतात. आमच्या चित्रात जिल्ह्यावर नाव घेण्यासारखं काही नव्हतं. मी घरी छातीठोकपणे सांगितलं, झड लागणार नाही. तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी बाबांचा फोन आला. "तुह्या यंत्राले म्हनावं, अंदर ये, घर गळून राह्यलं," एवढंच बोलले आणि ठेवून दिला. वरून पाहणाऱ्याला खालचं किती थोडं कळतं, हे मी त्या आठवड्यात शिकलो असं मला वाटलं होतं. शिकलो नव्हतो.

आता केनवडबद्दल. माझी थोरली बहीण शांताताई रिसोड तालुक्यातल्या केनवडला दिलेली. तिच्याकडे हळद असते. ज्यांनी हळद पाहिली ती फक्त डब्यात, त्यांच्यासाठी सांगतो: फाल्गुन-चैत्रात जमिनीतून कांड्या खणून काढायच्या, कुकरमध्ये वाफेवर शिजवायच्या आणि पंधरा-वीस दिवस उघड्यावर वाळवायच्या. वाळत असताना भिजली तर रंग गेला आणि वर्षाची मेहनत गेली. आणि आमच्या उकळीचा हंगाम नेमका तोच. तिच्या शेतावर बायांची एक टोळी दरवर्षी कामाला येई. टोळीची मुकादम शोभाबाई. उंच, आवाज खणखणीत, आणि समोर कोण आहे याची तिला काडीची फिकीर नसे.

एकदा सुटीवर गेलो असताना ताईनं मोठ्या कौतुकानं सांगितलं, की माझा भाऊ वरून ढग पाहतो. शोभाबाईनं मला आपादमस्तक न्याहाळलं. "खरंच दिसते का मामा, का टीव्हीवाल्यावानी सांगून राह्यले?"

मी म्हटलं, दिसतं.

"मंग आमाले सांगत जा ना. नुसतं पाहून काय करता?"

आमच्या कचेरीचा नियम असा, की कुणी खाजगीत अंदाज द्यायचा नाही. नियम बरोबरच होता, आता तर फारच बरोबर वाटतो. पण मी सांगू लागलो. ऐरण केनवडच्या आसपास वाढताना दिसली की ताईला फोन. ताई शेतात असली तर तिथूनच ओरडे, घरी असली तर शोभाबाईला फोन करी. पहिल्याच वर्षी एक टेंगूळ पश्चिमेकडून सरकत येताना दिसलं. मी कळवलं. बायांनी अर्ध्या तासात हळद गोळा करून ताडपत्री टाकली, आणि वर गारांचा सडा पडला. शेजारच्या वावरातली हळद चिखलात गेली. त्या दिवसापासून मी गावाचा मामा झालो. हंगामात केनवडला गेलो की चौकात बसलेले लोक उठून उभे राहत. माझी छाती किती फुगत असे ते सांगायला आता संकोच वाटतो. कचेरीत माझे शोधनिबंध चार माणसं वाचत, त्यातली दोन मीच. इथे माझ्या एका फोनवर पंचवीस बाया खुरपं खाली ठेवून निघत होत्या.

पाच-सहा वर्षं हे चाललं. मग तो पंधरा वर्षांपूर्वीचा फाल्गुनातला दिवस आला.

त्या वर्षी ताईकडे दोन वावरं होती. एक गावाजवळचं, दक्षिणेला, ज्याला ते खालचं वावर म्हणत. तिथे उघड्या मैदानावर हळद वाळत होती. दुसरं म्हणजे वरचं वावर, बटईनं, अर्ध्या वाट्यानं केलेलं, उत्तरेला, सहा-सात किलोमीटरवर. तिथे काढणी चालू होती, आणि कुकर ठेवायला स्लॅबची एक पक्की खोली होती. दुपारी तीनच्या सुमाराला माझ्या पडद्यावर एक ढग वाढताना दिसला. पाव-पाव तासानं येणाऱ्या चित्रांत तो जागचा हलत नव्हता, नुसता उंच होत होता. मग टेंगूळ आलं. उणे ऐंशीच्याही खाली. गावांचा नकाशा वर टाकून पाहिलं, तर टेंगूळ बरोबर उत्तरेच्या वावरावर. खालच्या वावरावर ऐरणीची नुसती कड.

मी फोन लावला. ताई म्हणाली, "आमी साऱ्या वरच्या वावरात हाओत. अंधारून तर आलं. खोलीत बसू का?"

मी म्हटलं, "नको. ढग नेमका तुमच्याच डोक्यावर आहे. ट्रॅक्टरमध्ये बसा आणि खालच्या वावरात जा. तिकडे मोकळं आहे. गेल्या गेल्या हळदही झाका."

मागून शोभाबाईचा आवाज आला, "मामा म्हन्ते तर निंघा वं साऱ्या!"

हे शब्द मी अजून ऐकतो.

पन्नास मिनिटांनी ताईचा फोन आला. मला आधी वाटलं आभार मानायला केला आहे. ती म्हणाली, "वसंता, रुक्मा गेली रे." रुक्मा शोभाबाईची धाकटी जाऊ. खालच्या वावरात ताडपत्रीचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक शोभाबाईच्या हातात होतं. वीज पडली आणि रुक्मा उठली नाही. "इथं आभाळ फाटल्यावानी झालं," ताई म्हणाली, "आनि वरच्या वावरात म्हन्ते चार थेंब पडले."

चार थेंब. मला काही कळेना. मी पडद्याकडे पाहिलं. टेंगूळ अजूनही उत्तरेच्या वावरावरच दिसत होतं. शेजारच्या टेबलावर फातिमा बसायची, माझ्या हाताखाली आलेली हुशार मुलगी. माझा चेहरा पाहून ती उठून आली, पडद्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाली, "सर, हे कच्चं चित्र आहे ना? सरकवलेलं नाही."

मी चित्राचं नाव वाचलं. कच्चंच होतं.

हे 'सरकवणं' काय ते सांगतो. आमचा उपग्रह विषुववृत्ताच्या वर असतो, म्हणजे आपल्या दक्षिणेला. तो वाशीमकडे सरळ वरून नाही, तिरका पाहतो. तुम्ही गच्चीवरून अंगणातल्या निंबाकडे पाहा. निंबाचा शेंडा तुम्हाला मागच्या घराच्या पायरीवर टेकलेला दिसतो. पण झाड काही पायरीवर उभं नसतं, त्याचा बुंधा अलीकडे असतो. ढगाचंही तसंच. ढग जितका उंच तितकं त्याचं डोकं चित्रात उत्तरेला पडतं. बुटक्या ढगाला फार फरक पडत नाही. पंधरा किलोमीटर उंच ढग असेल तर वाशीमच्या अक्षांशावर फरक पडतो सहा-साडेसहा किलोमीटरचा. म्हणून अभ्यासाला घ्यायच्या आधी चित्रातला प्रत्येक ढग त्याच्या उंचीप्रमाणे मागे सरकवावा लागतो. ते चित्र तयार व्हायला वेळ लागे. घाईत पाहायला मी कच्चं चित्र उघडत असे. एरवी ढग सरकते असत, आणि मी साऱ्या गावालाच सावध करत असे, त्यामुळे पाच-सहा किलोमीटर इकडेतिकडे झाले तरी कुणाला कळलं नव्हतं. मलाही नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच मी दोन वावरांतून एक निवडलं होतं.

मला याची माहिती नव्हती असं असतं तर मी स्वतःला माफ केलं असतं. पण नव्या भरतीच्या पोरांना हा धडा दरवर्षी मीच शिकवत होतो. त्याच आठवड्यात फळ्यावर निंबाचं झाड काढलं होतं. ते पुसलेलंही नव्हतं. ज्या माणसाला हे सगळ्यांत चांगलं माहीत होतं त्यानंच पंचवीस बायांना पक्क्या खोलीजवळून हलवून उघड्या मैदानात, ढगाच्या बुंध्यापाशी नेऊन उभं केलं होतं.

मी तेरवीला गेलो. मनाशी पक्कं ठरवलं होतं, सांगायचं. पण तिथे माझ्याशी सगळे इतके चांगले वागले, की माझी जीभ उचलेना. "मामानं तर सांगतलंच व्हतं ढग येते म्हून," एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "तिचीच वेळ भरली व्हती." रुक्माचा नवरा माझ्या पाया पडायला वाकला. मी मागे सरलो. शोभाबाई भिंतीला टेकून बसली होती, तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, आलात बरं केलं अशी. पानावर बसलो आणि न जेवता उठलो. ताईनं ते पाहिलं. संध्याकाळच्या गाडीनं मी पळून गेलो. भित्रेपणाला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

त्यानंतर मी केनवडला ढगाचा फोन कधी केला नाही. कुणाला काही सांगून बंद केलं असं नाही. नुसता गप्प झालो. ताईला फोन चालूच होते, तब्येत, नातवंडं, सणवार. आभाळाचं नाव मी काढत नसे आणि तीही काढत नसे. मला वाटलं, लोकांना समजलं असेल. मला हेही वाटलं, की मी निदान आता कुणाचं वाईट तरी करत नाही. स्वतःला शिक्षा केल्यासारखं वाटून थोडं बरं वाटत असे, हेही कबूल करतो.

कचेरीत मात्र मी बदललो. कच्च्या चित्रावर नकाशा टाकलेला दिसला की माझं डोकं फिरे. एकदा एका पोराला सगळ्यांसमोर इतकं बोललो, की त्यानं बदली मागितली. फातिमानं मग असं करून घेतलं, की आमच्या खोलीत कच्चं चित्र उघडलं तर त्यावर लाल अक्षरात सूचना येईल. ती सूचना अजून येते असं ऐकतो. माझ्या नोकरीचं ठोस काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी तेच दाखवीन.

निवृत्त झाल्यावर वाशीमला घर केलं. केनवड बसनं जवळ, पण दोन वर्षं पाय उचलला नाही. ताई बोलवून बोलवून थकली. शेवटी यंदा उन्हाळ्यात एका सकाळी उठलो, आंघोळ केली आणि बायकोला सांगितलं, मी शोभाबाईकडे जाऊन येतो. तिला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, "जा, आणि सगळं सांगितल्याशिवाय परत येऊ नका."

शोभाबाई आता मुकादमी करत नाही. दारात लसूण सोलत बसली होती. केस पांढरे झालेत, आवाज तसाच. "अरे बाप्पा, मामा! रस्ता चुकले का?" चहा झाला. मी खिशातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, कोऱ्या बाजूवर गच्ची काढली, निंब काढला, मागचं घर काढलं. मग त्याच्याखाली उपग्रह, ढग आणि ताईची दोन वावरं. शिकवायची सवय, आवाज आपोआप वर्गातला लागला. शोभाबाईनं कागद हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि माझं अर्धं वाक्य तोंडातच असताना म्हणाली, "म्हनजे शेंडा तिकडं दिसला, आनि बुंधा इकडं व्हता."

माझ्या भरतीच्या पोरांना हे कळायला दोन तास लागत.

"हो," मी म्हटलं. "त्या दिवशी तुम्ही खोलीतच बसला असतात तर रुक्मा..."

"हे तुमाले तवा माहीत व्हतं का?"

"माहीत होतं."

"मंग?"

"विसरलो. घाईत विसरलो, शोभाबाई. मी ते शिकवत होतो आणि विसरलो."

तिनं कागद मांडीवर ठेवला. लसणाची एक पाकळी हातात घेऊन नुसती फिरवत राहिली. मी वाट पाहत होतो, की आता ती मला शिव्या देईल, उठून जा म्हणेल. तेच हवं होतं मला, खरं सांगायचं तर. त्यासाठीच गेलो होतो. तिचे डोळे भरले, तिनं पदरानं पुसले.

"रुक्मीले मीच म्हटलं व्हतं, ताडपत्रीचं थे टोक धर," ती म्हणाली. "इतके साल म्या थेच धरून ठेवलं. बरं झालं सांगतलं तुमी. इसरते मानूस."

माझा बांध फुटला. म्हातारा माणूस दुसऱ्याच्या दारात हमसून रडत होता आणि ती मला पाणी देत होती. मला वाटलं, संपलं. पंधरा वर्षं छातीवर असलेला दगड उतरला. मी डोळे पुसले, निरोप घ्यायला उठलो.

"बसा," ती म्हणाली. "माहं बी इचारायचं हाय एक. त्याच्या पुढल्या साली फोन काहून नाही केला?"

मी म्हटलं, "भीती वाटली. परत चूक झाली असती तर? म्हणून बंदच केला."

"बंद केला व्हता?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परक्या भाषेत बोललो. "आमाले कोनी सांगतलं नाही."

मग तिनं सांगितलं. पुढच्या हंगामात, चैत्रात, त्याच खालच्या वावरात, दुपारी ढग आला. बाया म्हणाल्या, निघू या. मुकादम ही. हिनं ताईला विचारलं, मामाचा फोन आला का? ताई म्हणाली, नाही. "म्या म्हटलं, मामाचा फोन नाही आला म्हनजे काही नाही व्हत. करा काम. साऱ्या जिल्ह्याले येते थो मेसेज आल्ता मोबाइलवर, पन थो रोजच येते. तुमचा फोन म्हनजे आमच्या वावराचा. थो नाही, म्हनजे आभाळ साफ." तिनं लसूण खाली ठेवला. "ईज पडली, चार बाया पडल्या मामा. देवाच्या दयेनं जीव कोनाचा गेला नाही. एकीचा हात गेला. माह्या या डाव्या कानातून तवापासून काही आइकू येत नाही."

मी ऐकत होतो आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं. ताईनं मला हे कधी सांगितलं नव्हतं. "तिनंच म्हटलं, त्याले सांगू नोका," शोभाबाई म्हणाली. "तेरवीले जेवला नाही थो, जीवाले लावून घेईन म्हने. आमी दोन साल वाट पाह्यली फोनची. मंग समजलो, येत नाही आता."

उणे अठ्ठ्याहत्तर अंश पाहून बसलेला धक्का त्या मानानं काहीच नव्हता. कच्च्या चित्रानंही मी इतका हादरलो नव्हतो. ती चूक होती. हे गप्प बसणं मी रोज, पूर्ण शुद्धीत, आपण भलं करतो आहोत अशा समजुतीनं करत होतो. पडद्यावर काही न दिसणं हीसुद्धा बातमी असते, हे ज्याच्या धंद्याचं मूळ, त्यानं आपल्या गप्प बसण्याचा काय अर्थ लावला जाईल हे एकदाही मनात आणलं नव्हतं. रुक्माच्या मरणाचं पाप मी घेऊन गेलो होतो, आणि तिथे आणखी चार बाया माझ्या नावावर निघाल्या.

"शोभाबाई," मी म्हटलं, "आता काय करू?"

"काय करसान?" तिनं लसूण पुन्हा हातात घेतला. "आता पोरीबाळी जाते त्या वावरात. माही सून मुकादम हाय. आता तर तुमच्या हातातल्या फोनमंधीच दिसते म्हन्ते सारं. पाहात असान तर शेंडा-बुंधा पाहून सांगत जा. आनि जमत नसन, तर एक करा. फोन करून सांगा, का मी आता फोन करनार नाही. तेवढं तरी सांगाच."

मी म्हटलं, "करतो फोन."

मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. तिनं मान वळवून उजवा कान माझ्यापुढे केला.

"मोठ्यानं बोला, मामा," ती म्हणाली. "आइकू नाही आलं."